खिडकीखालची टिंबं

माझ्या मामाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. लहानथोर सगळे त्याला दाभणमामा म्हणतात. पोती शिवायचं एक जाड दाभण, टोकाला बूच लावलेलं, कायम त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात असतं. बाकीची माणसं कुणाच्या घरी गेली की खुर्चीवर बसतात. मामा आधी खिडकीपाशी जातो, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात दाभण टेकवतो आणि अंगठ्याने दाबतो. लाकूड धड असेल तर दाभण तिथेच थांबतं. कुजलेलं असेल तर पिकल्या केळ्यात जावं तसं आत जातं. मग मामा घरमालकाकडे असा बघतो, जणू घरात कुणाला ताप आहे आणि त्यांनी तो लपवून ठेवला आहे.

एकदा डॉक्टर त्याची छाती तपासत होते. "मोठा श्वास घ्या," ते म्हणाले. मामाने श्वास घेतला आणि तो धरून ठेवून, हात मागे नेऊन, दवाखान्याच्या खिडकीत दाभण खुपसलं. "डॉक्टरसाहेब, माझं राहू द्या," तो म्हणाला, "हिचं जास्त झालंय." त्या खिडकीचं काम त्यालाच मिळालं.

मामी कपड्यांची दुरुस्ती करते. उसवलेल्या शिवणी, आखूड करायच्या बाह्या, रफू. घरातली पुढची खोली तिची, मागची त्याची. पुढे चिंध्या, मागे भुसा. "सुई आणि दाभणाचा संसार आहे आमचा," ती म्हणते. "मी भोकं बुजवते आणि हे पाडत हिंडतात."

मामा दारं करत नाही, कपाटं करत नाही. फक्त खिडक्या दुरुस्त करतो, त्याही लाकडी. त्याच्या मते लाकूड पाण्याने कुजत नाही, कोंडलेल्या पाण्याने कुजतं. पाऊस लागला, ऊन लागलं, लाकूड प्यायलं आणि वाळलं, तर शंभर वर्षं जातं. पण रंगाला बारीकशी चीर पडली, तिच्यातून पाणी आत गेलं आणि बाहेर यायची वाट बंद झाली, की लाकूड आतून मऊ व्हायला लागतं. वरून मात्र रंग तसाच, गुळगुळीत आणि हसरा. चौकटीच्या सगळ्यात खालच्या आडव्या लाकडाला मामा 'तळ' म्हणतो. भिंतीबाहेर आलेल्या तळाच्या खालच्या अंगाला तो करवतीने एक लांब खाच घेतो. तळावरून ओघळलेलं पाणी भिंतीकडे पळायला बघतं, खाचेपाशी अडखळतं आणि थेंब होऊन खाली पडतं. "पाण्याशी भांडायचं नाही," तो म्हणतो. "त्याला जायला रस्ता द्यायचा."

आणि कुजलेलं एकदा कोरून काढलं, की थांबायचं. हा त्याच्या कामाचा सगळ्यात मोठा भाग, आणि लोकांना सगळ्यात नकोसा. उघडं पडलेलं लाकूड चौदा दिवस उघडंच ठेवायचं. वरून ताडपत्री, बाजूने वारा. मगच नवा तुकडा बसवायचा, फटीत दगडासारखा घट्ट होणारा मसाला भरायचा, अस्तर मारायचं, रंग द्यायचा. लोक वैतागतात. "चौदा दिवस? मामा, बाळंतीणसुद्धा तिसऱ्या दिवशी घरी येते!" मामा म्हणतो, "मग बाळंतिणीला मसाला भरून घ्या." आणि ऐकत नाही.

या चौदा दिवसांची तो एक खूण ठेवतो. रोज सकाळी येऊन बोटांनी लाकूड चाचपायचं आणि तळाच्या खालच्या अंगाला, खाचेच्या मागे, दाभणाने एक टिंब टोचायचं. असा चौदा टिंबांचा खेळ. नंतर त्यावर रंग चढतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. पण बोट फिरवलं तर रंगाखाली एकेक खळगा लागतो. मी लहानपणी विचारलं होतं, हे कुणासाठी? "माझ्यानंतर जो ही खिडकी उघडेल त्याच्यासाठी," तो म्हणाला. "त्याला कळायला नको, माणूस किती दिवस थांबला होता ते?"

हे सगळं आधी सांगणं भाग आहे, कारण मामा ज्या गोष्टीने हादरला ती बाहेरून बघणाऱ्याला अगदी किरकोळ वाटली असती.

तो गुरुवार होता. एका कारकुनाच्या घरी बैठकीच्या खोलीची खिडकी घट्ट बसली होती, ती सोडवायला मामा गेला होता. दीड वर्षापूर्वी तिचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं होतं. रंग छान होता. मामाने दाभण टेकवलं, ते आत जाईना. वरचा मसाला दगडासारखा होता. पण ठोकल्यावर आवाज पोकळ आला. पटाशीचा एक घाव घातला तेव्हा मसाल्याची आख्खी ढेप, रंगासकट, कवळीसारखी हातात आली. मागचं लाकूड काळं, ओलं. बोटाने उकरता येत होतं. पेल्यात उरलेलं ओतावं तसं चमचाभर पाणी तिथून खाली सांडलं.

"ओल्यावरच भरलं होतं," मामा म्हणाला.

"रंगारी म्हणाला होता, दोन दिवसांत करून देतो," कारकून म्हणाला. "आम्हाला बरं वाटलं."

"दीड वर्ष?"

"दीडसुद्धा नाही. चौदा-पंधरा महिने."

मामा खिडकीखालीच जमिनीवर बसला. कारकुनाच्या बायकोने त्याला पाणी आणून दिलं. त्याला चक्कर आली असेल असं तिला वाटलं.

दोन वर्षांपूर्वी त्याने शाळेचं काम केलं होतं. वरच्या मजल्यावरच्या बेचाळीस खिडक्या, सगळ्या एका रांगेत, सगळ्या सारख्या, पांढऱ्या. दोन-दोन जड झडपा, बाहेर उघडणाऱ्या, वरच्या अर्ध्या भागात काच. बरोबर त्या रांगेखाली, अंगणात, पाणी प्यायच्या नळांची ओळ. मधल्या सुट्टीत तिथे पोरांची झुंबड असते. एकाच वेळी सहा-सात खिडक्या कोरून उघड्या ठेवायच्या, त्या वाळत असताना आधीच्या मिटायच्या, असं काम चालू होतं. त्यातल्या एका खिडकीच्या तिसऱ्या दिवशी शेजारी धावत आला. मामीच्या पोटात कळा यायला लागल्या होत्या, तिला दवाखान्यात नेलं होतं, पित्ताशयाचं ऑपरेशन लगेच करायचं होतं. सोमवारपासून त्या वर्गात परीक्षा. आभाळ भरून आलेलं. मामाने मसाला कालवला, ओल्या लाकडावर भरला, वर अस्तर फासलं आणि पळाला.

त्याने ओल्यावर भरलं होतं. आयुष्यात एकदा. आणि एकसारख्या बेचाळीसांतली ती खिडकी कोणती, वर्ग कोणता, हे त्याला आता आठवत नव्हतं.

आत्ता शाळेला सुट्टी होती. सोमवारी ती उघडणार होती.

गुरुवारी संध्याकाळी तो जेवला नाही. मामी एका कोटाचं अस्तर बदलत होती. तिने दोनदा त्याच्याकडे बघितलं.

"कारकुनाने कामाला नाही म्हटलं का?"

"नाही."

"मग चहा तरी प्या. निवेल."

त्याने स्टीलचा पेला उचलला आणि धरून बसला. मामी ओरडली तेव्हा त्याला कळलं, की चहा नुकता गाळलेला आहे आणि आपली बोटं लाल झाली आहेत.

"भाजत नाही का हो तुम्हाला?"

"निबर झालेत हात," तो म्हणाला. "पन्नास वर्षं लाकूड घासतोय."

शुक्रवारी सकाळी तो शाळेत गेला. शिपाई जुना ओळखीचा. सुट्टीत शाळा एकट्याने सांभाळून बोलायला आसुसलेला.

"मामा! सुट्टीत कसे काय?"

"सहज. खिडक्या बघाव्या म्हटलं."

"खिडक्यांना काय झालंय? नवऱ्या मुलीसारख्या उभ्या आहेत."

ते खरं होतं, आणि मामाला तेच नको होतं. व्हरांड्यातून त्याने रांग बघितली. पांढरी, पांढरी, पांढरी. एकीवरही डाग नाही. दाभणाने कळणार नव्हतं; वरच्या मसाल्याने ते आत जाऊच दिलं नसतं. ठोकूनही खात्री नव्हती; ढेप सुटायला आली तरच ती पोकळ वाजते. आणि प्रत्येक कोपरा पटाशीने फोडायचा, तर एका आजारी खिडकीसाठी एक्केचाळीस धडधाकट खिडक्यांच्या रंगाला वाट फोडायची. उरला एकच मार्ग. तळाखाली बोट फिरवायचं, टिंबं मोजायची, आणि जिथे तीनच लागतील ती खिडकी.

पण टिंबांपर्यंत पोचायला झडप उघडायला हवी, आणि कुजलेल्या खिडकीची झडप उघडली की तिचा सगळा भार खालच्या बिजागरीवर येतो. ती बिजागरी उभ्या लाकडाच्या पायथ्याला, नेमकी जिथे कूज असते तिथेच. मामाने पिशवीतून दोरी काढली, झडपेच्या मुठीत ओवली आणि दुसरं टोक वर्गातल्या बाकाला बांधलं. मग झडप इंच-इंच बाहेर ढकलली.

"मामा, गाय बांधताय का खिडकी?" शिपाई म्हणाला.

"गायच. लाथ मारते."

पहिली खिडकी धड उघडली. मामा वाकला, हात बाहेर काढून तळाखाली नेला, बोट फिरवलं. गुळगुळीत. परत फिरवलं. काहीच नाही, एकही टिंब नाही. दुसऱ्या खिडकीखालीही नाही. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. सहावीपाशी तो थांबला. रंगाने टिंबं बुजली की काय? पण रंग त्यानेच दिला होता, पातळ करून, मुद्दाम. त्याने हात आत घेतला, खिशातून दाभण काढलं, बूच काढलं आणि टोकावर तर्जनी ठेवली. हलकेच दाबली. मग जरा जोराने. बोटावर रक्ताचा थेंब आला तेव्हा त्याला दिसलं, की टोचलं आहे.

टिंबं जागच्या जागी होती. बोटं नव्हती.

मामी मला हे सांगते तेव्हा इथे थांबते. ती म्हणते, पेला धरला तेव्हाच मला कळायला हवं होतं. किती महिने ते लाकूड चाचपत होते, आणि 'वाळलं' म्हणत होते, देव जाणे.

दुपारी मामा घरी आला, मामीचा हातात धरायचा छोटा आरसा पिशवीत टाकला आणि परत गेला. आरसा तळाखाली धरून बघितलं. सावलीत पांढऱ्यावर पांढरं. त्यात त्याला फक्त स्वतःचा हात दिसला. निघताना त्याने शिपायाला सांगितलं, "उद्या मी येईपर्यंत एकही खिडकी उघडायची नाही."

"अहो, पण सोमवारी शाळा. धूळ काढायची आहे मला."

"धूळ राहू दे."

"मोठ्या बाईंना तुम्ही सांगणार का, धूळ राहू दे म्हणून?"

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मामाने पिशवी खांद्याला लावली. बाईंना सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

"आरसा कुठे गेला?" संध्याकाळी मामीने विचारलं.

"दाढीला नेला होता."

"दाढी करायला पिशवीत घालून नेतात?" ती त्याच्या गालाकडे बघत म्हणाली. दोन दिवसांचे पांढरे खुंट. "आणि केलेली तर दिसत नाही."

मामाने पिशवीतून आरसा काढून तिच्यासमोर ठेवला. मग कारकुनाच्या खिडकीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. तिसरा दिवस, शेजाऱ्याचं धावत येणं, मसाला. बोटांचं शेवटी सांगितलं. मामी ऐकत होती, सुईत दोरा तसाच लोंबकळत होता.

"म्हणजे माझ्या पोटामुळे," ती म्हणाली.

"तसं नाही म्हणत मी."

"म्हणू पण नका. मी आठव्या दिवशी घरी आले होते. दहाव्या दिवशी तुम्ही परत शाळेत गेलात. मला आठवतंय, मी उठून तुमचा डबा भरला होता आणि टाका दुखला म्हणून तुम्ही ओरडला होतात. मग तेव्हा का नाही उघडलीत ती खिडकी?"

मामाने आरसा उपडा ठेवला.

"तेव्हा तर बोटं होती ना?"

तो म्हणाला, "बोट लावलंच नाही."

"म्हणजे?"

"परत गेलो तेव्हा अस्तर मारलेल्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मग बाकीच्याही भरून झाल्या. रंगच द्यायचा उरला होता. टिंबं मोजली असती तर सापडली असती. सापडली असती तर उघडावी लागली असती. परत चौदा दिवस. बाई रोज विचारत होत्या." तो जमिनीकडे बघत होता. "वाळलं असेल, म्हटलं. मी मुद्दाम मोजली नाहीत."

मामी उठली. मामाला वाटलं, आता ही आत जाणार आणि दोन दिवस बोलणार नाही. तिने कोट घडी करून बाजूला ठेवला, सुई दोऱ्यासकट उशीला टोचली आणि म्हणाली, "उद्या किती वाजता उघडतो तो शिपाई?"

"तुला कुठे..."

"रेशमाखाली तुटलेला धागा शोधते मी बोटाने. तुमचे खड्डे सापडणार नाहीत मला?" वर म्हणाली, "आणि माझ्या ऑपरेशनच्या नावावर बिल फाडू नका परत. तिथे नुसती माझी पित्ताची पिशवी काढली होती, तुमची अक्कल नाही."

रात्री दोघांनाही झोप लागली नसावी. पण त्याबद्दल दोघंही काही सांगत नाहीत.

शनिवारी ते पोचले तेव्हा फाटक उघडंच होतं. अंगणात पाऊल टाकताच मामा थबकला. वर, रांगेच्या दूरच्या टोकाला, आठ-नऊ खिडक्या सताड उघड्या होत्या आणि नववी की दहावी उघडत होती. शिपायाचं डोकं बाहेर आलं, हातात फडकं. नळांपाशी त्याची बायको पाठमोरी उभी राहून बादली भरत होती.

 ओरडली ती मामी.

"ओ शिपाईबुवा! हात लावू नका! आणि तुम्ही, बादलीवाल्या, आधी बाजूला व्हा!"

"काय झालं? साप आहे का?" ती बादली टाकून पळाली.

"साप असता तर बरं झालं असतं, दिसला तरी असता," मामी म्हणाली आणि जिन्याकडे निघाली. पित्ताशय काढल्यापासून ती जिने हळू चढते. त्या दिवशी मामाच मागे राहिला.

शिपायाने उघडलेल्या दहा खिडक्या आधी दोरीने बांधल्या. मग मामीने हातातलं घड्याळ काढून मामाकडे दिलं, बाही वर सरकवली, डोळे मिटले आणि हात बाहेर घातला. मामाने तिची दुसरी बाही घट्ट धरून ठेवली.

"हं, आहेत की," ती म्हणाली. "एक. दोन. तीन. चार."  चारच्या पुढे पाच येतो, एवढ्या साध्या गोष्टीची मामाने कधी अशी वाट बघितली नव्हती. "तेरा. चौदा. शेवटचं जरा खोल आहे हो."

"शेवटचं नेहमी खोल. काम झालं म्हणून."

"बघा, तिथेही मिजास."

दहाच्या दहा चौदा निघाल्या. पुढच्या बंद होत्या. मामा दोरी बांधी, झडप ढकली, मामी मोजी. शिपाई आता थट्टा करत नव्हता. मामाने त्याला एका वाक्यात सांगितलं होतं आणि तो दर खिडकीला खाली अंगणात डोकावून, बायको लांब आहे ना, ते बघत होता. अकरावी चौदा. बारावी चौदा. मधेच मामी म्हणाली, "तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत हे टिंबांचं. इतकी वर्षं." मामा म्हणाला, "तू कधी विचारलं नाहीस." "हो, मीच चुकले. दर माणसाला विचारायला हवं, की बाबा तू खिडकीखाली काय करतोस."

सतरावी खिडकी दुसरीच्या वर्गाची होती. भिंतीवर मुलांनी काढलेली घरं होती, आणि प्रत्येक घराला दोन खिडक्या. मामाने दोरी बांधली आणि उजवी झडप ढकलली. ती बाहेर गेली, आणि एक बोटभर खाली बसली. आवाज काही झाला नाही. दोरी मात्र ताणली आणि बाक जमिनीवर करकरत किंचित पुढे सरकला. शिपायाने दोन्ही हातांनी बाक धरला.

"नको," मामा मामीला म्हणाला. "हात घालू नकोस."

"डाव्या बाजूने घालते."

"अगं, हीच आहे. दिसतंय."

"न मोजता दोन वर्षांपूर्वीही पुढे गेला होतात," ती म्हणाली आणि डाव्या झडपेकडून हात बाहेर काढला. "एक," ती म्हणाली. "दोन. तीन."

"पुढे?"

"पुढे काही नाही. गुळगुळीत."

झडप आत ओढून, उचलून, तिघांनी जमिनीवर निजवली. मामाने खालच्या बिजागरीच्या एका स्क्रूला पेचकस लावला. फिरवायची गरजच पडली नाही, स्क्रू बोटांत आला. त्याच्या आट्यांमध्ये ओला, तपकिरी भुगा भरला होता. तीन स्क्रू होते. तिन्ही तसेच. झडप इतके दिवस रंगाने धरली होती. मामा ते तीन स्क्रू तळहातावर घेऊन बसला. ते गार आहेत की नाहीत हे त्याला कळत नव्हतं.

मोठ्या बाई तासाभराने आल्या. सोमवारची तयारी बघायला येणारच होत्या. मामाने तळहात पुढे केला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. ऑपरेशनचा उल्लेख केला नाही. मामीने त्याच्याकडे एकदा बघितलं.

बाईंनी आधी खिडकीतून खाली बघितलं. नळांकडे. बराच वेळ.

"मी तुम्हाला रोज विचारत होते, कधी होणार म्हणून," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात, मी घाई करत नाही."

"हो, बाई."

"आणि मी सगळ्यांना सांगत होते, आमचा माणूस घाई करत नाही."

मामाला वाटलं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शिपायाला बोलावलं. नळ बंद, मुलांनी पाणी मागच्या अंगणात प्यायचं, इथे दोरी बांधून घ्यायची. मग मामाकडे वळून विचारलं, "आणि उरलेल्या पंचवीस?"

"मला ही एकच आठवते," मामा म्हणाला. "पण मोजतो. ही मोजते. माझी बोटं गेली आहेत, बाई. तेही सांगायला हवं. ही खिडकी नीट करून देतो. त्यापुढे तुम्ही दुसरा माणूस बघा."

बाई एक बाक ओढून बसल्या. "मोजा," त्या म्हणाल्या.

मामी पुढच्या खिडकीकडे गेली. चौदा. चौदा. चौदा. ऊन वर आलं, तिचा दंड भरून आला, शिपायाच्या बायकोने आणलेलं पाणी ती एका हाताने प्यायली. एकोणतिसाव्या खिडकीला ती मोजता मोजता थांबली. "तेरा," म्हणाली.

शिपाई खाली अंगणात डोकावला.

"परत मोज," मामा म्हणाला.  तेरा असली तर काय? तेरा दिवस काही कमी नाहीत. पण मग अशा अजून किती, न आठवणाऱ्या? इतर घरांत, इतर रांगांत, या हातांनी मिटलेल्या?

मामीने डोळे मिटून नखाने सुरुवात केली. सातापर्यंत मोठ्याने, पुढे मनात. "चौदा," ती म्हणाली. "सहाव्यावर रंगाचा थेंब सुकलाय. बुडालं होतं."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, ते आज तुम्ही मला विचारू नका."

बेचाळीस पुऱ्या झाल्या तेव्हा बाई उठल्या. "दुसऱ्या माणसाचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी ही खिडकी. किती दिवस?"

"चौदा."

"मी विचारायला येणार नाही."

सतरावी खिडकी चौदा दिवस उघडी राहिली. उभ्या लाकडाचा पायथा आणि तळाचा कोपरा वीतभर कोरून काढला होता, आणि दुसरीची मुलं तिथून उठून दुसऱ्या वर्गात बसत होती. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी मामा आणि मामी येत. ती लाकूड चाचपे, तो तिच्या चेहऱ्याकडे बघे. तिने मान हलवली की तो तळाखाली दाभण टोची. नवी टिंबं त्याने जुन्या तिनांच्या मागे वेगळ्या ओळीत घेतली. ती तीन त्याने बुजवली नाहीत. पुढे जो उघडेल, त्याला तेही कळायला हवं, असं तो म्हणाला.

चौदाव्या दिवशी मामीने लाकूड दाबून बघितलं, वास घेतला, गालही लावला. "वाळलं," ती म्हणाली. "खडखडीत."

मामाने टोचलं. मसाल्याचे डबे त्याने आणलेले होते, नवा तुकडा कापून तयार होता. बाई जिन्यात उभ्या होत्या, विचारत नव्हत्या. मामाने डब्याचं झाकण उघडलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत लावलं.

"आता काय?" मामी म्हणाली.

"उद्या अजून एकदा हात लावून बघशील?"

मामीने बाही खाली केली. "बघीन," ती म्हणाली.